शुगर 'बॉर्डरवर' आहे म्हणजे नक्की कुठे आहे?

गेली १४ वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतेय. सकाळी साडेसहाला शटर वर जातं आणि पावणेसातला बाकावर रांग लागलेली असते, सगळे उपाशी, सगळे वैतागलेले, आणि त्यातले निम्मे तरी "ताई, फक्त चहा घेतलाय, चालेल ना?" वाले. (नाही चालत. बिनसाखरेचा पण नाही, दूध असतं त्यात.) पण संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला आल्यावर जे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय ते हे: "बॉर्डरवर आहे ना फक्त? मग ठीके." आणि माणूस सुटल्यासारखा जिना उतरतो, समोरच्या टपरीवर कटिंग आणि क्रीमरोल मागवतो. मला वरून खिडकीतून दिसतं सगळं.

मी डॉक्टर नाही, औषध सांगायचं माझं काम नाही. पण या 'बॉर्डर' शब्दाने लोकांचा जितका घात केलाय तितका साखरेने पण केला नसेल असं माझं मत आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा, देशभराचा मोठा अभ्यास आला होता, त्यात भारतात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आणि १३ कोटी ६० लाख लोक बॉर्डरवर असा अंदाज होता. म्हणजे डायबेटिसवाल्यांपेक्षा बॉर्डरवाले जास्त आहेत. आता वजन कमी करायच्या इंजेक्शनांच्या बातम्या रोज येतात म्हणून पुन्हा सगळे शुगर तपासायला येतायत, तर म्हटलं एकदा नीट लिहावं.

आधी आकडे, एकदाच

उपाशीपोटी शुगर १०० च्या खाली असेल तर नॉर्मल, १०० ते १२५ बॉर्डर, १२६ किंवा वर डायबेटिस. ग्लुकोज पाजून दोन तासांनी केली तर १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ बॉर्डर, २०० पासून पुढे डायबेटिस. आणि तिसरी टेस्ट एचबीएवनसी, जिला आपण तीन महिन्यांची शुगर म्हणतो, ती ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर, ६.५ पासून डायबेटिस. त्रास काही नसेल तर डॉक्टर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा करायला लावतात, आणि ते बरोबर आहे.

या तिसऱ्या टेस्टचं मला फार कौतुक आहे. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, पाकात बुडवलेल्या बोटासारखी, आणि एकदा चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिन चिकट झालंय ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब बाहेर येतो. हे महत्त्वाचं यासाठी की लोक टेस्टच्या आधी तीन दिवस साधू होतात! एक काका तर जेवणानंतरच्या शुगरला यायच्या आधी नुसती काकडी-टोमॅटो खाऊन आले होते, रिपोर्ट झकास, ११८. मग डॉक्टरांनी एचबीएवनसी लिहून दिली आणि ती आली ७.१. काका माझ्यावरच चिडले, मशीन खराब आहे म्हणाले.

एक भानगड मात्र लक्षात ठेवा. अंगात लोह कमी असेल, हिमोग्लोबिन ९-१० असेल, तर ही टेस्ट खरी शुगर नसताना थोडी वाढीव दाखवू शकते. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे खूप आहे. त्यामुळे ५.९ बघून घाबरायच्या आधी शेजारचा हिमोग्लोबिनचा आकडा पण बघा आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

अख्ख्या रक्तात साखर किती? एक चमचा

हे मला शिकताना कळलं तेव्हा मी दोनदा गणित करून बघितलं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० म्हणजे १०० मिलीलिटर रक्तात १०० मिलीग्रॅम. गुणाकार करा, पाच ग्रॅम होतात. चहाचा एक चमचा. संपूर्ण रक्तात, कुठल्याही क्षणी, इतकीच.

आता ताटात बघा. दीडशे ग्रॅम शिजलेला भात, म्हणजे डोंगर वगैरे नाही, साधी मूद आणि वर अजून थोडा, त्यात ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात आणि त्याची पोटात साखरच होते. पाच ग्रॅमच्या टाकीत तासा-दोन तासात चाळीस ग्रॅम येऊन पडतात, आणि तरी तब्येतीने ठीक असलेल्या माणसाची शुगर १३०-१४० च्या पुढे फारशी जात नाही. मग ती जाते कुठे? सगळा खेळ या 'कुठे'चा आहे.

कुरियरवाला आणि बंद दारं

एक मोठी सोसायटी आहे असं समजा. गेटवर पार्सलं येऊन पडतायत, ही साखर. कुरियरवाला प्रत्येक फ्लॅटची बेल वाजवतो, दार उघडतं, पार्सल आत जातं. हा कुरियरवाला म्हणजे इन्सुलिन, पोटातल्या स्वादुपिंडातून येणारा. फ्लॅट म्हणजे आपल्या पेशी, त्यातही सगळ्यात मोठे फ्लॅट स्नायूंचे, मांड्या, पाठ, पोटऱ्या. जेवणानंतरच्या पार्सलांचा मोठा वाटा तिकडेच जातो.

आता दिवसभर बेल वाजत राहिली तर? सातला चहा-बिस्कीट, नऊला पोहे, अकराला ऑफिसमधला चहा आणि कोणाच्या तरी बर्थडेचा केक, एकला जेवण, चारला चहा-खारी, सहाला भेळ, साडेनऊला जेवण आणि मग सिरीयल बघत चिवडा. घरातली मंडळी आधीच पार्सलांनी वैतागलीयेत, हॉल भरलाय, माळा भरलाय, कोणी दार उघडेना. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात, इन्सुलिन आहे पण पेशी दाद देत नाहीत. हॉल भरलाय म्हणजे खरंच भरलाय बरं का, स्नायूंच्या आणि लिव्हरच्या पेशींमध्ये जिथे नको तिथे चरबी साठलेली असते आणि तिच्यामुळे दार अडतं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून येतं ते हेच, आणि त्याला पण लोक "सगळ्यांनाच असतं हो" म्हणतात.

दार उघडत नाही म्हटल्यावर स्वादुपिंड काय करतं, एकाऐवजी तीन कुरियरवाले पाठवतं. धडाधड बेल वाजते, शेवटी दारं उघडतात, गेटवरचा ढीग कमी होतो. आपण टेस्टमध्ये काय मोजतो? गेटवरचा ढीग. तो नॉर्मल! कुरियरवाले किती लागले ते साध्या शुगरच्या टेस्टमध्ये दिसतच नाही. असं वर्षानुवर्षं चालू राहतं, आणि मग एक दिवस स्वादुपिंड दमायला लागतं, कुरियरवाले कमी पडतात, आणि गेटवर ढीग पहिल्यांदा दिसायला लागतो. तुमच्या रिपोर्टवर ११२ येतं. तुम्हाला वाटतं आजार आता दारात आलाय, अजून आत नाही. प्रत्यक्षात तो घरात कधीचा राहतोय, फक्त आज त्याने लाईट लावला.

"पण मी तर बारीक आहे"

हा आक्षेप रोजचा. याचं उत्तर पुण्यातच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे दोघं, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघं सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे, आणि चरबी आत, असा आपला साचा.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला, त्यात दिसलं की ही गोष्ट जन्मापासूनच सुरू होते. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांमध्ये कमी होता तो स्नायू, चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे फ्लॅटच लहान मिळालेत आपल्याला. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बघा, पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० च्या पुढे गेली तर वजन कितीही असो, विचार करायची वेळ आली. पोट आत न ओढता मोजा.

"रात्री काही खाल्लं नाही, मग सकाळी शुगर आली कुठून?"

लिव्हरमधून. झोपेत मेंदूला साखर लागतेच, म्हणून लिव्हर रात्रभर थोडी थोडी सोडत राहतं, इन्सुलिन त्याला "बास" सांगतं. लिव्हर ऐकेनासं झालं की ते सोडतच बसतं. म्हणून रात्रीचं जेवण सोडूनही सकाळी ११८ येतात आणि काकू मला विचारतात ट्यूब बदलली का. नाही बदलली, करड्या झाकणाची होती, तुमच्या समोर नाव लिहिलं.

(ती करडी ट्यूब का माहितीये? रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात बसतात. तासाभरात आकडा घसरायला लागतो. म्हणून त्यात फ्लोराइड असतं, पेशींचं जेवण थांबवायला.)

मागचं दार

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी एवढं लिहिलं. स्नायूंच्या फ्लॅटला मागून अजून एक दार आहे आणि ते बेल न वाजवता उघडतं. स्नायू आखडला-सैल झाला, म्हणजे तुम्ही चाललात, जिना चढलात, उठलात-बसलात, की पेशी स्वतःच साखर आत ओढून घेते, इन्सुलिनची वाट बघत नाही. रेझिस्टन्स असलेल्या माणसाचं पण हे दार चालू असतं! पुढचं दार गंजलंय, मागचं ठणठणीत आहे, आणि आपण जेवून सोफ्यावर लवंडतो, म्हणजे नेमकी पार्सलं येतात तेव्हा मागच्या दाराला कडी.

आपल्याकडे याला शब्द होता की. शतपावली. आज्जी जेवण झाल्यावर अंगणात फेऱ्या मारायची, आता लोक तीच गोष्ट ग्लुकोज स्पाइक (म्हणजे जेवणानंतर एकदम चढलेली शुगर) वगैरे बघून शिकतात. न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये टाइप २ (म्हणजे नेहमी दिसतो तो) डायबेटिस असलेल्यांवर एक प्रयोग झाला, त्यांना काही दिवस दिवसातून कधीही ३० मिनिटं चाला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं. मिनिटं तितकीच. तरी जेवणानंतर चालल्यावर शुगर १२ टक्के कमी वाढली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. रात्रीचं जेवण आपलं सगळ्यात जड आणि नंतर हालचाल शून्य, म्हणून फरक तिथे जास्त. शंभर पावलांनी मात्र भागायचं नाही, शंभर पावलं म्हणजे मिनिटभर, दहा-पंधरा मिनिटं फिरा.

"अहो ताई, दिवसभर घरात राबतेच की मी, अजून काय व्यायाम." हे काकू म्हणतात तेव्हा मला वाद घालवत नाही, कारण खरंच राबतात. आणि ते वाया पण जात नाही. फक्त एवढंच बघा की धाप लागते का, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत. आठवड्याला १५० मिनिटं अशी भरली पाहिजेत. आणि जमलं तर मांड्यांना काम द्या, हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, दहा वेळा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, म्हणजे फ्लॅट पाडले जातायत आणि पार्सलं तेवढीच. गुडघे दुखत असतील तर आधी विचारून करा.

"म्हणजे भात बंद?"

नाही हो. आपली गडबड भात खाण्यात नाही, ताटात दुसरं काही नसण्यात आहे. पोहे, उपमा, पोळी, भात, साबुदाणा, हे सगळं एकाच घरातलं, पोटात गेलं की साखर. त्यात साबुदाणा तर जवळपास निव्वळ स्टार्च, आणि आपण तो 'उपवास' म्हणून खातो, वर बटाटा. शेंगदाण्याचं कूट जास्त टाका, तेवढाच आधार.

ताट तेच ठेवा, वाटण्या बदला. वरण पातळ नको, घट्ट. उसळ चमचाभर तोंडी लावायला नको, वाटीभर. ताक, दही, अंडं, मासे, पनीर, तुमच्याकडे जे चालतं ते. भाजी-कोशिंबीर आणि उसळ आधी खा, पोळी-भात मागून, त्याने पण शुगर सावकाश चढते असं छोट्या प्रयोगांमध्ये दिसलंय. दोन पोळ्या आणि भात असं दोन्ही घेत असाल तर एक कमी करा, कुठलं ते तुम्ही ठरवा, मी कोकणातली आहे, मी पोळी सोडली.

चहातली साखर बंद करून लोक फार मोठा त्याग केल्यासारखे बोलतात. करा बंद, चांगलंच आहे, दिवसाला चार चहा असतील तर तेवढाच फरक. पण चहाबरोबरची खारी-बिस्किटं चालू असतील तर मैदा आणि तूप दोन्ही आडवाटेने आत आले. गूळ आणि मध पण साखरच आहे, रंग बदलला म्हणून इन्सुलिन फसत नाही.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवणाचं सांगणं महाराष्ट्रात घराघरात पोचलंय, दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. कुरियरच्या भाषेत बघितलं तर बेल दिवसातून दोनदाच वाजते आणि मागचं दार पण उघडतं, त्यामुळे त्यामागचं डोकं समजण्यासारखं आहे. ज्यांना झेपतं त्यांना झेपतं, ज्यांना नाही त्यांनी मधलं अरबटचरबट काढलं तरी पुष्कळ. पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर असलं काही मनाने सुरू करू नका, शुगर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो, हे मी आमच्या बाकावर बघितलंय.

"घराण्यातच आहे, काय करणार"

घराण्यात असलं तरी फरक पडतो का हे बघायला मोठमोठे प्रयोग झालेत. अमेरिकेत तीन हजारांवर बॉर्डरवाल्यांवर झाला, २००२ मध्ये निकाल आले. वजन ७ टक्के कमी करणं (८० किलोच्या माणसाला साडेपाच किलो, बास) आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढ्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

आता इथे बरेच लोक थांबतात, पण आपला आकडा वेगळा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग आपल्या लोकांवर केला, २००६ मध्ये छापून आला. काहीच न केलेल्यांपैकी तीन वर्षांत १०० पैकी ५५ जणांना डायबेटिस झाला. आहार-चालणं सांभाळलेल्यांपैकी ३९ जणांना. म्हणजे फायदा नक्की, पण अमेरिकेइतका नाही, आणि आपल्याकडे बॉर्डरवरून पलीकडे जाण्याचा वेग भयंकर आहे. सगळं नीट करूनही ३९ जणांना झालाच, त्यामुळे कोणाला झाला तर "पथ्य पाळलं नसेल" असं म्हणायची सवय आपण सोडावी. आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती शिक्षा नाहीये.

चीनमधल्या डाचिंग शहरात १९८६ मध्ये असाच प्रयोग सुरू झाला, सहा वर्षं लोकांकडून खाणं-व्यायाम करून घेतला आणि सुरुवातीपासून एकूण तीस वर्षं मागे राहून बघितलं. ज्यांनी केलं त्यांना डायबेटिस सरासरी चार वर्षं उशिरा झाला आणि हार्ट, पॅरालिसिसचे झटके पण कमी आले. चार वर्षं उशिरा हे ऐकायला कमी वाटतं, पण डोळे आणि किडनीला ती चार वर्षं खरी मिळतात.

झोप आणि काढे, थोडक्यात

तरण्याताठ्या धडधाकट पोरांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं तर त्यांचं शरीर साखर हाताळायला ढेपाळतं हे १९९९ मध्येच दिसलंय. नाईट शिफ्टवाल्यांनी आणि रात्री एकपर्यंत रील्स बघणाऱ्यांनी हे वाचावं. तंबाखू-सिगरेटने पण धोका वाढतो. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड याबद्दल लोक मला रोज विचारतात. मेथी खा, भाजी म्हणून उत्तमच आहे, पण रस पिऊन वर सोफ्यावर बसलात तर मागचं दार बंदच राहणार.

आणि खूप तहान, रात्री सारखं लघवीला उठणं, न सांगता वजन उतरणं असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

परत कधी तपासायचं?

एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नका, जुन्या पेशी अजून फिरत असतात, पैसे फुकट. दर आठवड्याला तर अजिबात नको, एक ताई करायच्या, मीच त्यांना परत पाठवलं.

काकडीवाले काका आठवतायत ना, ७.१ वाले? डॉक्टरांनी गोळी दिली, बायकोने उसळीची वाटी मोठी केली, आणि ते रात्री जेवून बिल्डिंगला फेऱ्या मारायला लागले, पंधरा मिनिटं, मोबाईलवर जुनी गाणी लावून, वॉचमनला पण पाठ झाली. सहा महिन्यांनी मे मध्ये आले, जांभळ्या झाकणाची, म्हणजे एचबीएवनसीची, ट्यूब भरून दिली, संध्याकाळी ६.२ आली. या वेळी मशीन चांगलं होतं. रिपोर्ट घडी करून खिशात टाकला आणि हळूच विचारलं, "ताई, मग आमरस?"

म्हटलं मी डॉक्टर नाही काका, पण मला विचाराल तर रसाची वाटी नको, पोळीबरोबर तर नकोच, एखादी फोड कापून खा आणि मग फेऱ्या मारायला जा.

"एक की दोन?"